सकाळचं इंजेक्शन

आत्याने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, तरी यकृत खराब झाल्यापासून निदान चाळीस जणांनी तिला तो एकच प्रश्न विचारला होता. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी ड्युटीवर नव्याने आलेल्या तरुण डॉक्टरने कागदावरून मान वर न करता पुन्हा विचारलं, "दारू किती घेता?"

"आज अजून नाही घेतली," आत्या म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं.

ते खोडून घ्यायला तिच्या भाचीला तीन टेबलं फिरावी लागली. पहिल्या टेबलावर म्हणाले, लिहिणाऱ्यानेच खोडायला हवं. दुसऱ्यावर म्हणाले, लिहिणारा जेवायला गेलाय. तिसऱ्यावर एक बाई होती, तिने न विचारताच पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी केवढा आवाज!"

भाची ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्याही पायाशी एक ब्रेक असतो. बारा वर्षांत तिने तो इतक्या वेळा दाबला होता की शिकणारे तिला ब्रेकताई म्हणायला लागले, आणि पुढे घरीदारी तेच नाव पडलं. गाडीत तिचा संयम वाखाणण्यासारखा होता. समोरचा सरळ भिंतीकडे निघाला तरी ती शांतपणे "आता पाय उचला" म्हणायची. घरच्यांच्या वाट्याला येईपर्यंत तो सगळा संयम संपलेला असायचा.

"आत्या, असं का सांगितलंस त्याला?"

"विचारणाऱ्याला ऐकायचंच नसलं की काहीही सांगितलं तरी चालतं."

"चालत नाही! उद्या तुला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात हलवतील."

"तिथे निदान गप्पा मारायला माणसं असतील," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

एकतीस वर्षं ती बसस्थानकाच्या 'हरवलं-सापडलं' खिडकीत बसली होती. लोक छत्र्या, पिशव्या, चष्मे, एकदा तर कवळीसुद्धा मागायला यायचे आणि त्यातले निम्मे दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून सांगायचे. त्यामुळे कुणाचंही बोलणं पहिल्या फटक्यात खरं मानायचं नाही, ही तिची सवय हाडात मुरली होती. तिशीत असताना एका ऑपरेशनच्या वेळी तिला रक्त चढवलं होतं, त्यातून काविळीचा विषाणू अंगात शिरला. पंचवीस वर्षं त्याने मागमूस लागू दिला नाही. पुढे गोळ्यांनी तो गेलाही, पण तोवर यकृत आक्रसून टणक झालं होतं. त्यातून रक्त नीट पुढे जाईना, म्हणून ते मागे तुंबू लागलं. अन्ननलिकेच्या शिरा फुगल्या आणि डाव्या कुशीतली प्लीहा, म्हणजे जुनी माणसं जिला पाणथरी म्हणतात ती, सुजून चौपट झाली. सुजलेली प्लीहा रक्त गोठायला लागणाऱ्या प्लेटलेट खात सुटली. दोन लाखांच्या जागी अठ्ठावीस हजार उरल्या. वर्षात दोनदा रक्ताची उलटी झाली. दुसऱ्या खेपेला मंगळवारची दुपार होती, आणि घरात आत्याचा धाकटा भाऊ एकटाच होता. त्यानंतर डॉक्टरांनी ठरवलं, प्लीहा काढायची आणि जठराभोवतीच्या फुगलेल्या शिरा बांधून टाकायच्या.

हा धाकटा भाऊ म्हणजे ब्रेकताईचे वडील. वय बासष्ट, पण आत्या त्यांना अजून 'बाळ' म्हणायची, तेही चार माणसांत. घराच्या खाली त्यांचं काचेचं आणि तसबिरींच्या चौकटींचं दुकान होतं. काच कापताना एका रेघेत कापायचे, दुसऱ्यांदा हात लावायचे नाहीत. ब्रेकताईची आई गेल्यापासून घरात हे तिघंच होते, आणि तिघांचाही आवाज मोठा.

त्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. प्लेटलेट चार लाख दहा हजार.

बाबांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी वॉर्डातल्या समोरच्या पेशंटला आकडा सांगितला. सफाई करणाऱ्या बाईंना सांगितला. फोनवर एका मागून एक नातेवाइकांना सांगितला. "अठ्ठावीस हजारांवरून चार लाख! पहिला नंबर काढला ताईने!"

तेवढ्यात यकृताच्या डॉक्टरबाई आल्या. त्या हळू बोलायच्या, आणि बोलण्याआधी खुर्ची ओढून बसायच्या. रिपोर्ट पाहून त्या अजिबात हसल्या नाहीत.

"उद्या डॉप्लर सोनोग्राफी करू," त्या म्हणाल्या. "गुठळी झाली नाही ना, ते बघायला हवं."

"कुठे गुठळी?" ब्रेकताईने विचारलं.

"यकृताकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत. ऑपरेशनच्या आधी मी बोलले होते."

बोलल्या होत्या खऱ्या. पण त्या वेळी तिघांनी मिळून त्यातलं एकच वाक्य ऐकलं होतं, ते म्हणजे प्लेटलेट वाढतील.

डॉक्टरबाईंनी पुन्हा सांगितलं. प्लीहेची शीर चांगली सोळा मिलिमीटर रुंद झालेली. प्लीहा काढली, शीर एका टोकाला बांधली, म्हणजे ती बंद गल्ली झाली आणि रक्त तिथे नुसतं उभं राहतं. पुढे यकृत टणक, म्हणून मोठ्या शिरेतही प्रवाह मंद. त्यात प्लेटलेट पंधरापट. आधी दोनदा रक्तस्राव झालेला. "गुठळी व्हायला लागतं ते सगळं इथे एका जागी जमलंय. एरवी आम्ही रक्त पातळ करण्याचं औषध लगेच सुरू करतो. यांच्या पोटातल्या नळीतून चार दिवस रक्त येत होतं, म्हणून थांबलो."

आत्याने भिंतीकडचं तोंड वळवलं. "सहा महिने रक्त वाहतं म्हणून रडत होतात. आता गोठतं म्हणून रडताय. एकदा काय ते ठरवा!"

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या दारात घोडं अडलं. फॉर्मवर सही नव्हती. ब्रेकताई चौथ्या मजल्यावर जाऊन सही घेऊन आली, तर सोनोग्राफीवाल्या बाईंनी विचारलं, "उपाशी आहेत ना?"

"हो," ब्रेकताई म्हणाली.

"नाही," आत्या म्हणाली. "बाळने चहा दिला. दोन बिस्किटं."

ब्रेकताईने बापाकडे पाहिलं. "बाबा, दारावर पाटी आहे. पलंगाला चिठ्ठी लावली आहे. मी काल तीनदा सांगितलं."

"तिला घेरी येत होती गं."

"घेरी येत नव्हती, मला चहा हवा होता," आत्या म्हणाली.

दिवस फुकट गेला. ब्रेकताईने सकाळचे दोन धडे रद्द केले होते, त्यातला एक शिकणारा पुढच्या आठवड्यात परीक्षेला बसणार होता आणि अजून गाडी मागे घेताना डोळे मिटायचा. तो फोनवर रडकुंडीला आला. तिने त्याला अर्धा तास धीर दिला आणि मग जिन्यात बसून, कुणी बघत नाही असं पाहून, पर्स भिंतीवर आपटली.

आठव्या दिवशी तपासणी झाली. मोठ्या शिरेचा एक तृतीयांश भाग गुठळीने भरला होता.

"मला तर काहीच होत नाही," आत्या म्हणाली.

"बऱ्याच जणांना होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून तर शोधावी लागते. वाढली तर मात्र होईल. पोटात पाणी भरेल, आतडं धोक्यात येईल, शिरांवरचा दाब पुन्हा वाढेल. औषध आजपासून."

औषध म्हणजे पोटावर टोचायची बारीक इंजेक्शनं, बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा. आधी त्यांनी दुर्बिणीने अन्ननलिका तपासली. शिरा बसल्या होत्या, फुटण्यासारखं काही दिसत नव्हतं. मगच हिरवा कंदील मिळाला.

बाबा हातात जुना रिपोर्ट घेऊन उभे होते. "पण डॉक्टर, हिचं रक्त गोठायला आधीच वेळ लागतो, असं इथे लिहिलंय. पातळ रक्ताला आणखी पातळ करायचं म्हणजे..."

"बाबा," ब्रेकताई म्हणाली, "त्यांना त्यांचं काम करू द्या."

डॉक्टरबाईंनी तरी सांगितलं. रक्त गोठवणारे पदार्थ यकृतच बनवतं आणि गोठू न देणारेही तेच बनवतं. आजारी यकृतात दोन्ही कमी पडतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी झाली, की तो जराशानेही कुठेही झुकतो. तो रिपोर्ट एकाच पारड्याचा आहे. बाबांनी मान डोलावली. ते आणखी काही विचारणार होते, पण ब्रेकताईने घड्याळ पाहिलं, बॅग उचलली, आणि ते राहून गेलं.

नर्सने बापलेकीला दोघांनाही इंजेक्शन द्यायला शिकवलं. बेंबीपासून चार बोटं बाजूला, चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, हळू दाबायचं, नंतर चोळायचं नाही. सकाळी उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे, म्हणजे जागा चुकणार नाही. ब्रेकताईचा पहिला धडा सकाळी साडेसहाला असायचा, तेव्हा सातचं इंजेक्शन बाबांनी द्यायचं आणि संध्याकाळी सातचं तिने, असं ठरलं. बाबांनी कापसाच्या बोळ्यावर नर्सच्या देखत सुई अचूक टोचून दाखवली. काच कापणाऱ्या माणसाचा हात, नर्सने वाखाणला.

घरी आल्यावर वैतागाला आणखी धार आली. आत्याला टेकायला उशी उंच लागे, मग ठेंगणी लागे. खिडकी उघडली की वारा, मिटली की गुदमर. भेटायला येणारा प्रत्येकजण उंटावरचा शहाणा. एक दूरचा काका बाबांना बाजूला घेऊन सांगून गेला की त्याच्या ओळखीत एकाला रक्त पातळ करायचं औषध दिलं आणि तो आठवड्यात खलास झाला. त्याला कोणता आजार होता, हे काकाला माहीत नव्हतं. ब्रेकताई संध्याकाळी धावतपळत यायची, हात धुवायची, डाव्या बाजूचा गाऊन वर करायची, टोचायची, रिकामी सिरिंज सुयांच्या डब्यात टाकायची आणि स्वयंपाकाला लागायची. डब्यात सकाळची सिरिंज असायचीच.

दोनदा बाबा म्हणाले, "मला जरा बोलायचं होतं त्या औषधाबद्दल." एकदा ती भाजी चिरत होती आणि एकदा फोनवर होती. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बाबा, आता नको."

चार आठवड्यांनी पुन्हा डॉप्लर. या खेपेला फॉर्मवर सही होती, पोट रिकामं होतं, आणि बाबांचे खिसेसुद्धा तिने दारात तपासले होते. आत्या पलंगावर आडवी झाली, सोनोग्राफीवाल्या बाईंनी गाऊन दोन्हीकडून वर केला आणि थंडगार जेल लावलं. ब्रेकताई डोक्याशी उभी होती.

पडद्यावर वाहत्या रक्ताचे निळे-लाल डाग हलत होते आणि मध्ये एक जागा काळीच होती. बाईंनी एक माप घेतलं, मग दुसरं, मग पहिलं पुन्हा.

"वाढली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "अर्ध्याच्या वर. उजव्या फांदीतही शिरलीय. इंजेक्शनं चालू आहेत ना?"

"दोन्ही वेळ. एकही चुकलं नाही."

"मग एकाच बाजूला का टोचता? ती बाजू किती काळीनिळी करून ठेवलीय. बदलायची असते."

ब्रेकताईने पाहिलं. बेंबीच्या डावीकडे जुने पिवळे, नवे जांभळे, लहान-लहान डाग होते, चांगले वीस-पंचवीस. तिचेच होते ते, संध्याकाळचे. या औषधाने टोचल्या जागी डाग पडतोच, नर्सने सांगितलं होतं. आणि उजवीकडची कातडी लहान मुलाच्या पोटासारखी स्वच्छ होती. एक ठिपका नाही.

तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळे मिटून घेतले.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. ब्रेकताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सकाळचं इंजेक्शन कुठे जातं, बाबा?"

बाबा चपलेचा पट्टा नीट करायला वाकले.

"मी विचारतेय, कुठे जातं?"

"बेसिनमध्ये," बाबा म्हणाले.

मग जे झालं ते त्या मजल्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. ब्रेकताई म्हणाली की अठ्ठावीस दिवस ती मूर्खासारखी धावतेय. की जगातल्या सगळ्या अडाण्यांना ती गाडी शिकवते, पण त्यांच्यातल्या कुणी अजून जाणूनबुजून गाडी दरीत घातली नाही. की ताईवर एवढा जीव आहे तर तिला मारायचं कशाला ठरवलंत. शेवटचं वाक्य तोंडातून निघालं. तेव्हा रांगेतल्या एका बाईने हातातलं मासिक मिटलं.

बाबा उठले नाहीत. खाली फरशीकडे बघत म्हणाले, "त्या दुपारी तू नव्हतीस."

"कुठल्या दुपारी?"

"मंगळवारी. ती ओट्याशी उभी होती. मला म्हणाली, बाळ, जरा तांब्या दे. मी वळलो आणि परत बघतो तो... एवढं रक्त माणसात असतं हे मला माहीत नव्हतं. मी तिला धरायला धावलो, तर माझी चप्पल सरकली त्याच्यात. मी पडलो, ती माझ्यावर पडली. गाडी येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. तू आलीस तेव्हा मी फरशी पुसून ठेवली होती."

ब्रेकताईला हे माहीत नव्हतं. पुसलेली फरशी तिने पाहिली होती, आणि "तुम्ही कपडे का नाही बदललेत?" एवढंच विचारलं होतं.

"रोज सकाळी मी सुई घ्यायचो," बाबा म्हणाले. "चिमटीत कातडी धरायचो. आणि मला वाटायचं, हे आत गेलं की ती पुन्हा फुटणार, आणि या वेळी माझ्या हाताने. हात चालायचाच नाही. तुला सांगायला आलो होतो. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा यायचं होतं!" ती ओरडली, पण आवाजात आता पहिला जोर नव्हता.

चाकाच्या खुर्चीतून आत्याला बाहेर आणलं. तिने दोघांकडे पाहिलं. "माझ्यामुळे दवाखाना डोक्यावर घेऊ नका. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तो नळाखाली रिकामी करतो ते. दार अर्धं उघडंच असतं. मला दिसायचं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार? सुई धरून रडत उभा राहायचा. एवढा मोठा माणूस. आणि खरं सांगू? एक टोच वाचली म्हणून मला बरंच वाटायचं. सगळे जण येतात, पोट उघडं करतात, टोचतात, गार जेल लावतात, नि जातात. सकाळी तेवढं कुणी हात लावत नव्हतं."

ब्रेकताईने कपाळावर हात मारला. एकाने भीतीपोटी औषध ओतून दिलं, दुसरीने आळसापोटी ओतू दिलं, आणि मध्ये ती वेडी सुयांचा डबा भरतोय याच्यावर खूश. पण तिच्या मनात आणखी एक गोष्ट सलत होती, आणि ती तिने त्या वेळी कुणाला सांगितली नाही. अठ्ठावीस दिवसांत तिने एकदाही गाऊनची उजवी बाजू उचलून पाहिली नव्हती. शिकाऊ माणसाला ती पहिल्याच धड्यात सांगायची, दोन्ही आरसे बघा.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या आत्याला बोलल्या, आणि चांगलंच बोलल्या. गुठळी आतड्याच्या शिरेपर्यंत गेली असती तर आज आपण इथे बसून बोलत नसतो. दिवसातले बारा तास शरीराला औषधच नव्हतं, अर्ध्या औषधाने गुठळीचं काही बिघडलं नाही. मग त्या खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या.

"तुम्हाला काय विचारायचं होतं?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. या वेळी तिने तोंड उघडलं नाही.

"रक्त आलं तर?" बाबा म्हणाले.

"येऊ शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कधीच येणार नाही, असं मी सांगणार नाही. पण त्या दुपारी शिरा फुगलेल्या होत्या, आता त्या बांधल्या आहेत, आणि मी स्वतः आत बघून खात्री केली आहे. इंजेक्शनने शीर फुटत नाही. फुटलीच तर थांबायला वेळ लागतो. आणि गुठळी वाढू दिली तर मागे दाब वाढून शिरा पुन्हा फुगणार. म्हणजे तुम्ही ज्याला भीत होता, ते औषध ओतून दिल्यानेच जवळ आलं असतं."

बाबांचा चेहरा पडला.

"काळी शौच झाली, उलटीत रक्त दिसलं, घेरी आली, तर पुढचं इंजेक्शन द्यायचं नाही आणि सरळ इथे यायचं. हा नंबर. चोवीस तास कुणीतरी उचलतं. लगेच नाही उचलला तर पुन्हा लावा."

बाबांनी कागद घडी करून पाकिटात ठेवला. मग पुन्हा काढला, पुन्हा वाचला. कुणीतरी त्यांना 'तर काय' याचं उत्तर दिलं होतं. महिनाभर सगळे त्यांना 'काही होणार नाही' एवढंच सांगत होते, आणि ज्या माणसाने झालेलं पाहिलं आहे त्याला त्याचा काय उपयोग.

आता सकाळी कोण टोचणार, हा प्रश्न उरला. ब्रेकताई म्हणाली, मी पहिला धडा सोडते. बाबा म्हणाले, मी करतो, आता करतो. दोघांची जुंपली. बाबा म्हणाले, माझ्यावर विश्वास नाही का. ब्रेकताई म्हणाली, नाही. डॉक्टरबाई घड्याळाकडे बघायला लागल्या.

"माझं पोट," आत्या म्हणाली. "आण ती सुई इकडे."

तिने तिथेच शिकून घेतलं. पहिल्या वेळी सुई तिरपी गेली आणि ती नर्सच्या सात पिढ्यांबद्दल काहीतरी पुटपुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घरी ती पलंगावर टेकून बसली, उजवीकडची कातडी चिमटीत धरली, आणि दारात उभ्या राहिलेल्या भावाला म्हणाली, "तिकडे बघ."

"मी बघणार," बाबा म्हणाले.

"मग रडू नकोस. माझा हात हलतो."

ते बसले. तिने टोचलं. काहीच झालं नाही. दोघंही पाच मिनिटं तशीच बसून राहिली, काहीच होत नाहीये याची खात्री करत. संध्याकाळी ब्रेकताईने येऊन आधी उजवी बाजू पाहिली. तिथे एक लहानसा लालसर डाग उमटला होता. इतका वैताग आणलेल्या माणसांच्या घरात असा डाग बघून बरं वाटावं, याचाही तिला वैताग आला.

पुढचे दोन महिने काही साधे गेले नाहीत. एकदा आत्याच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि बाबांनी तो नंबर सलग अकरा वेळा लावला. पलीकडे उचलणाऱ्याने शेवटी विचारलं, "रक्त किती आलं?" तेव्हा कळलं, नवा ब्रश लागला होता. एकदा पाय सुजले, औषधं बदलावी लागली. ब्रेकताई आणि बाबा आठवडाभर एकमेकांशी फक्त आत्याच्या मार्फत बोलले. "आत्या, त्यांना सांग दुकानात कुणी आलंय." "ताई, तिला सांग मला दिसतंय." आत्या दोघांनाही म्हणाली, "मी टपाल खात्यात नव्हते."

मग एका रविवारी बाबा आपणहून स्वयंपाकघरात आले. ब्रेकताई भांडी विसळत होती. ते म्हणाले, "मला बोलायचंय." तिने नळ बंद केला, हात पुसले आणि खुर्ची ओढून बसली. त्यांनी त्या मंगळवारची सगळी दुपार पहिल्यापासून सांगितली, तांब्या कुठे होता तिथपासून. तिला मध्ये चार वेळा बोलावंसं वाटलं. ती एकदाच बोलली, आणि तेही "मग?" एवढंच.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला तिघंही गेली. त्याच बाई, तसंच गार जेल. पोटाच्या दोन्ही बाजू सारख्याच काळ्यानिळ्या झाल्या होत्या. पडद्यावर मोठी शीर निळ्या रंगाने जवळजवळ पूर्ण भरली होती. कडेला एक पातळ पांढुरकी रेघ राहिली होती, आणि उजव्या फांदीत थोडं अजून अडलेलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते कदाचित तसंच राहील, पण वाट मोकळी आहे. इंजेक्शनं थांबवून गोळ्या सुरू करू. यकृत मात्र आहे तसंच आहे, ते बरं होणार नाही. दर तीन महिन्यांनी यायचं.

"म्हणजे सुटका नाही," आत्या म्हणाली.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पुढची तारीख आहे."

आत्याला ते पटलं असावं, कारण तिने कुरकुर न करता तारीख लिहून घेतली. बाहेर आल्यावर मात्र ती लिफ्टकडे वळायच्या ऐवजी जिन्याकडे चालायला लागली. चौथा मजला होता.

"आत्या, लिफ्ट आहे," ब्रेकताई म्हणाली.

"ताई, चक्कर येईल," बाबा म्हणाले.

"येणार नाही."

"आली तर?" दोघं एकदम म्हणाली.

"तर बसेन," आत्या म्हणाली आणि कठड्याला धरून उतरायला लागली. बाबा तिच्या पुढे दोन पायऱ्या उलटे चालत उतरू लागले, हात पसरून. ब्रेकताई मागून, पर्स, फाइल आणि आत्याची शाल सांभाळत. खालून वर येणाऱ्या माणसांना या वरातीपायी भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, आणि एक जण "अहो, लिफ्ट चालू आहे!" असं म्हणालाही. दुसऱ्या मजल्यावर आत्या थांबली, श्वास घेतला आणि भावाला म्हणाली, "बाळ, सरळ बघून उतर, पडशील." मग पुन्हा निघाली.